बिनविजेचं ब्लँकेट

नवेगाव बांध, ४ जानेवारी १९५९

चि. सौ. वच्छला हिस धुरपतावहिनीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

"परदेशात गेलीस त या घरातलं तुझं पांघरूण उचललं समज," असं आबा तुला म्हणाले होते. आणि खरंच, तुझं पांघरूण पेटीत घालून त्यांनी कुलूप लावलं. त्यानंतर तीन हिवाळे तुझं नाव त्यांच्या तोंडी आलं नाही. म्हणून तू त्यांच्यासाठी धाडलेलं विजेचं ब्लँकेट मी पार्सलातून काढून गुपचूप त्यांच्या बाजेच्या पायथ्याशी ठेवलं.

त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मग तळ्यावरून असा वारा सुटला, की एका सकाळी बघते तर ब्लँकेट आबांच्या अंगावर आणि वायर बाजेच्या खुराला गुंडाळलेली! विचारलं तर म्हणाले, "रातभर घाम फुटला मले."

मंगरू मासे द्यायला आला, त्याने पाय आत घातले आणि ओरडला, "गुडघ्यापावतर करंट चढून राहिला, बाप्पा!" आता रोज संध्याकाळी ओसरी भरते. रुख्मा तर अंडी उबवायला खुडूक कोंबडी घेऊन आली. आबांनी तिला परत धाडलं, "विलायती माल हाये. कोंबडीले नाही सोसणार."

पण बाई, आपल्या गावात अजून कंदील. तू हे काऊन धाडलंस गं?

तुझे भाऊ बरे आहेत. माया आहे तशीच राहू दे.

तुझी वहिनी


अ‍ॅबिंगडन, इंग्लंड, २३ जानेवारी १९५९

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आधी लाजले, मग इतकी हसले की घरमालकीण वर आली. कंदिलाच्या काचा पुसण्यात माझं लहानपण गेलं, आणि तीन वर्षांत हात आपोआप बटणाकडे जायला लागला! थंडी पडली, आबांचे गुडघे आठवले आणि दुकानात शिरले. वीज आठवलीच नाही.

इथे शेतावर पडलेल्या बर्फालाही ब्लँकेट म्हणतात. हे ज्या अणुभट्ट्यांचं शिक्षण घेताहेत, त्यांतल्या काहींनाही ब्लँकेट असतं म्हणे. मी विचारलं, भट्टीला कसली थंडी? हे म्हणाले, ते उबेसाठी नसतं. भट्टीच्या पोटातून जे बाहेर निसटतं, ते हा भोवतालचा थर झेलतो आणि त्यातून नवं इंधन तयार होतं. मी म्हटलं, म्हणजे आमचे आबाच. सगळं झेलून आत ठेवतात, बाहेरून थंड.

मे महिन्यात आम्ही परत येतोय. वहिनी, नवेगावला येऊ का? आबांना विचारशील? गोंदियाहून तशीच पुढे जायला सांगितलंस, तरी रागावणार नाही.

आठवणीत ठेवा.

वच्छला


नवेगाव बांध, १२ फेब्रुवारी १९५९

चि. सौ. वच्छला हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. ते उठून बांधाकडे निघून गेले.

परवा गोंदियाचा चुन्नीलाल धान बघायला आला. ओसरीवरची गर्दी पाहून हसला, "अरे दादा, बिना करंट के ये गरम कैसे होगा?" मंगरूने हळूच पाय बाहेर काढले. आबा शांतपणे म्हणाले, "माझ्या पोरीनं धाडलं हाये. होते गरम."

वच्छला, माझी पोर म्हणाले! मंगरूने पाय पुन्हा आत घातले. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडले, एकटीच हसले.

आज सकाळी अंगणात तुझं जुनं पांघरूण उन्हात पडलेलं दिसलं. पेटीची किल्ली आबांकडेच असते. आता विचारायचं कशाला? सरळ ये.

लोभ आहेच, त्याला अशीच ऊब लागो.

तुझी वहिनी

ता. क. चुन्नीलालचं बोलणं आबांना लागलंय. म्हणतात, "जवाई एवढा शिकलेला, तोच सांगन गावाले." तेव्हा केशोरावांना म्हणावं, आल्या आल्या आबांच्या बाजेवर बसा, पाय ब्लँकेटखाली घाला आणि सगळ्यांदेखत एकदाच 'गरम आहे' म्हणा. असलं खोटं ते बोलायचे नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी तू विचारून बघ.