टाकीत बुडवलेली काठी

पार्ले, मंगळवार, मार्च १९५२. संध्याकाळ.

दोनदा साबण लावला तरी हाताला पेट्रोलचा वास येतोच आहे. चहा देताना कमलने बरोबर ओळखलं. म्हणाली, "वेळेआधी जायचं नाही असं तुमचं ठरलं होतं ना?"

ठराव मीच मांडला होता. कंपनी पगार वाढवत नाही तोवर एकाही वैमानिकाने फुकटचं काम करायचं नाही. रविवारच्या सभेत टाळ्यासुद्धा घेतल्या.

आणि आज सकाळी तासभर आधी जाऊन मी विमानाच्या पंखावर चढून टाकीत मोजकाठी बुडवत होतो. पेट्रोल मोजणं मेकॅनिकचं काम. तो ते चोख करतो, मला नुसती सही करायची असते. पण मागे एवढी माणसं बसणार आणि मी न बघता उडणार? नाही जमत. खोड म्हणा हवं तर.

तेवढ्यात खाली डिसोझा. ठरावाला अनुमोदन देणारा! मेलो, म्हटलं.

"उतर रे खाली," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"उतरतो. पण कोणाला सांगू नकोस."

"सांगतो कशाला? ती काठी दे इकडे. अर्धा तास शोधतोय यार, माझं विमान तिकडे उभं आहे."

हसता हसता पंखावरून पडायचाच राहिलो.

पगाराचं भांडण सोडणार नाही. पुढच्या सभेत आणखी जोरात बोलेन. पण उद्या डिसोझाच्या आधी पोचायला हवं. काठी एकच आहे.