मान हलेपर्यंत

रवि., ४ जानेवारी
पारसमलच्या कापडदुकानाच्या माडीवर रविवारची चर्चा-बैठक. नियम पुन्हा बजावला: आधी विरोधकाचे म्हणणे मांडायचे, त्याने 'बरोबर' म्हणून मान हलवली, तरच आपले. दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांना जमले नाही. एकाला तर स्वतःचेही म्हणणे मांडता येत नाही. पारसमल म्हणाला, "सर, तुमच्यामुळं दोन्ही पार्ट्या एका सतरंजीवर बसत्यात." बसतात, विचार करतात असे नव्हे. ज्या तालुक्यात लग्नपत्रिकाही पार्टी पाहून जाते, तिथे मध्यभागी उभा मी एकटाच.
विषय: शेतीपंपाची वीज. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. वाटणी न्याय्य आहे, असे मी म्हटले. तक्रार दोन्हीकडून येते, हाच पुरावा.

बुध., ७
धाकटा भाऊ बाळू. काल रात्री उसाला पाणी देताना बिबट्याने धरला. मानेला, खांद्याला टाके. उजवा हात उचलत नाही. जगेल. दवाखान्यात एका पार्टीचे लोक फोटो काढत होते, दुसरीचे केळी वाटत होते. गिधाडेही रांग पाळतात.

शुक्र., ९
बाळूची बायको, शोभा, निवेदन घेऊन आली: वीज फक्त दिवसाच द्या. "दादा, तुमची सही आसंल तर सायेब वाचतील तरी." नकार दिला. निवेदनाच्या माथ्यावर एका गटाच्या पुढाऱ्याचे नाव. शिवाय सर्वांना दिवसा दिल्यास भार कसा पेलायचा, यावर अवाक्षर नाही. नातेसंबंध हा मुद्दा होऊ शकत नाही. रविवारी ये, रीतसर मांड, म्हटले.

रवि., ११
आली. नियमाप्रमाणे तिला प्रथम वीज खात्याची बाजू मांडायला सांगितले. पारसमल कुजबुजला, "सर, आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या." एकासाठी सोडला तर तो नियम कसला?
"खात्याची? बिबट्याची बी मांडू का, दादा?"
बैठकीतले दोघे हसले. मी स्पष्ट केले: दुःख ही साक्ष आहे, युक्तिवाद नव्हे.
"बरं. मंग आता तुमीच आमचं म्हननं मांडा. मी मान हलवली, तर पुढं बोला."
नियमात बसत होते. मांडले: जोखमीचे विषम वाटप, पर्यायांचा अभाव, राज्यसंस्थेचे दायित्व. माझ्या उत्तम मांडण्यांपैकी एक. पुढाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.
तिची मान हलली नाही. "लई झ्याक. पर आमी न्हाई त्यात."

बुध., १४
संक्रांत. तिळगूळ घेऊन मीच गेलो. बाळूने डाव्या हातात घेतला, सांडला. सुधारित मांडणी शोभाला वाचून दाखवली. भीतीचा उल्लेख घातला होता. तिने भाकरी थापत ऐकली. मान ढिम्म. हट्टी, अल्पशिक्षित बाई. काय उणे आहे, विचारले.
"सोमवारपासून परत रात्रीची लाईट. पानी कोन धरनार, ते म्हना."
हा प्रश्न झाला, प्रतिपादन नव्हे, म्हणालो. बाळू म्हणाला, "दादा, तू पेपर तपासायला आलायस व्हय?" आणि हसला. टाके ताणले, तेव्हा थांबला.

रवि., १८
विषय तोच. शोभा दाराशी बसलेली. दोन्ही गट एकमेकांच्या आयाबहिणींपर्यंत पोहोचले. "बोला की राव सर," कोणीतरी ओरडले. "सर, आवरा," पारसमल. मी तिच्याकडे पाहिले, ती माझ्याकडे. मान स्थिर.
बोललो नाही. नियम मी घातलेला आहे.

सोम., १९
आजपासून रात्रीचा आठवडा. पाणी धरायला शोभाच जाणार, बाळूचा फोन आला होता. मला कोणी बोलावलेले नाही.
तिसरा मसुदा: 'रात्री पाण्याला जाणारा माणूस'. इथे अडलो. न पाहिलेल्याची मांडणी म्हणजे ऐकीव मजकूर. तो मी विद्यार्थ्यांचाही खपवून घेतला नाही. पारसमलकडून मोठी बॅटरी आणली आहे. बांधापर्यंत जाईन. यात कोणाचा पक्ष घेण्याचा प्रश्न येत नाही.
दिवस मावळला. वाक्याचा उरलेला भाग परत आल्यावर.