वाचनालयात झोपू नये

चि. सौ. धाकटीस,

दादाचे पोटभर आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? पोरांचा खोकला हटला का? माझं म्हणशील तर गुडघे आमच्या संघटनेच्या सभासदांसारखे झालेत, दिवसभर कुरकुरतात आणि काम मात्र करतात. तुझं पत्र पोचलं. मामंजी हल्ली वाचनालयात न जाता दिवसभर घरीच का बसतात आणि यात तुझा काही हात आहे का दादा, असं तू विचारलंयस. हात आहे. पण आधी सगळं ऐकून घे, मग काय रागवायचं ते रागव.

वाचनालयाचा आणि आम्हा कामगारांचा करार संपत आला, हे तुला ठाऊकच आहे. बोलणी करायला पुढारी हवा होता. सभेत सगळे एकदम बोलत होते आणि मी कोपऱ्यात एका पुस्तकाची शिवण उसवत गप्प बसलो होतो, म्हणून हा माणूस विचारी दिसतो असं ठरून माळ माझ्या गळ्यात पडली. (शाळा लवकर सुटलेल्या माणसाने पुस्तकं बांधता बांधता चार अक्षरं गोळा केली, एवढीच माझी विद्वत्ता. पण गप्प बसलं की ती भरपूर वाटते.) बरीचशी कलमं सुटली. शिडीची तुटलेली पायरी मान्य, तळघरात पंखा मान्य. घोडं अडलं ते गोष्टीच्या बाईंवर. मुलांच्या दालनात त्या रोज दुपारी गोष्ट सांगतात. पोरं त्यांच्या तोंडाकडे अशी बघत बसतात की नाक पुसायचं भान राहत नाही. इतकी वर्षं झाली तरी बाई अजून हंगामीच. महिनाअखेर मुदत संपली की वाचनालयाचं कारभारी मंडळ त्यांना निरोप देणार आणि त्यांच्या जागी भिंतीवर पडदा लावणार. पडदा गोष्ट सांगेल, पण मधेच "पुढे काय झालं असेल रे?" असं विचारेल का? त्यांना कायम करा, एवढंच आमचं मागणं.

टेबलाच्या पलीकडे मंडळाचे चिटणीस, म्हणजे आपले जावईबापू! घरी मला "दादा, पाय वर घेऊन ऐसपैस बसा" म्हणणारा हा गृहस्थ तिथे माझ्याकडे बघून "कामगार प्रतिनिधींनी मुद्द्याला धरून बोलावं" म्हणतो. मीही कमी नाही. "चिटणीससाहेबांनी आपल्या सदऱ्याचं खालचं बटण लावावं" म्हणालो. (ते बटण तेवढं शिवून टाक गं.) त्यांच्या शेजारी अध्यक्ष. त्यांना आम्ही पाहूसाहेब म्हणतो, कारण पंखा लावू का विचारलं तरी ते "पाहू" म्हणतात. गोष्टीच्या बाईंचं काय, तर पाहू. पुढच्या बैठकीतही पाहू. असं पाहता पाहता महिना सरायला आला.

संप करावा तर वाचकांचे हाल. तेव्हा देवघेवीच्या खिडकीवरच्या आमच्या शुक्-बाईंनी (कोणी बोललं की त्या नुसतं 'शुक्' करतात आणि रस्त्यावरची गाडीसुद्धा थांबते) तोड काढली. म्हणाल्या, संप नको, आपण नियमावर बोट ठेवून काम करू. वाचनकक्षात नियमांची एक पाटी आहे. ती कोणी लावली कोण जाणे, वाचली तर कोणीच नव्हती. सगळ्यांनी हात वर केले, ठराव पास झाला, आणि मग आम्ही पाटी वाचायला गेलो. (एवढी अक्कल आधी सुचली असती तर आम्ही कामगार कशाला, मंडळच झालो असतो.)

पाटीवर ठळक लिहिलं होतं, वाचनालयात झोपू नये. आता आमचा वाचनकक्ष म्हणजे निवृत्त मंडळींचं माहेर. दुपारी रांगेने वर्तमानपत्रं उघडी आणि त्यामागे डोळे मिटलेले. तुझे मामंजी यातले उस्ताद. हातातलं भिंग अक्षरावर धरून झोपतात, घोरताना पानसुद्धा उलटतात. शुक्-बाईंनी त्यांना हलवलं. मामंजी म्हणाले, "मी विचार करतोय." बाई म्हणाल्या, "काका, विचार करा, पण आवाज बंद ठेवून करा." मामंजी ताडकन उठले, टोपी घातली आणि निघाले. त्यांच्यामागून बाकीचे. एका दुपारीत गावभरच्या सुनांवर आभाळ कोसळलं.

तुझ्या स्वयंपाकघरातले डबे मामंजींनी उंचीप्रमाणे लावले, दर घटकेला नळ तपासतात आणि जावईबापूंना जेवताना घास कसा चावावा ते शिकवतात, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि मला फार वाईट वाटलं. (हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे वाईटच वाटलं असणार.) परवाच्या बैठकीत जावईबापूंचा चेहरा धुवून वाळत घातलेल्या चादरीसारखा होता. ते हळूच म्हणाले, "दादा, माझी हरकत नाही. पाहूसाहेबांचं काय ते बघा." बैठकीत त्यांनी मला पहिल्यांदा दादा म्हटलं!

पण आम्हीही सुखात नाही गं. पाटीच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेत वाचन करू नये. माझ्या टेबलावर एक रहस्यकथा बांधायला आली आहे. सगळे दिवाणखान्यात जमलेत, पोलीस दाराला कडी घालतोय, आणि मी सरस लावताना मान दुसरीकडे वळवून बसतो. गाढवाला गुळाची गोणी वाहायला लावावी, तसं झालंय.

असो. तुला त्रास झाला, दादाचा अपराध पोटात घाल. पोरांच्या गालांना माझ्या वतीने हात लाव.

तुझा,
दादा

ता. क. मामंजींना परत पाठवू का, असं विचारलंयस. मुळीच नको. उलट एक कर. या रविवारी पाहूसाहेबांना सहकुटुंब जेवायला बोलाव, आणि बसव मामंजींच्या शेजारी. बाकी काही करायला नको. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच मामंजी मागच्या दाराने माझ्या खोलीत आले. मला वाटलं, आता आपली खैर नाही. तर जवळ बसून म्हणाले, "झोप त्या वाचनकक्षातल्या बाकामुळे लागत नाही रे. भिंतीपलीकडे मुलांच्या दालनात ती बाई गोष्ट सांगते, त्यावर लागते. शेवट आजवर एकाही गोष्टीचा ऐकला नाही. ती गेली तर मी झोपू कसा? सुनेला लिही, पाहूसाहेबांना माझ्या उजव्या बाजूला बसव. डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं, आणि त्यांचं 'पाहू' मला नीट ऐकायचंय." तेव्हा उजवीकडे, विसरू नकोस.

ता. ता. ता. क. ती रहस्यकथा तू मागे वाचली होतीस. खून कोणी केला ते उलट टपाली कळव. आम्ही वाचू नये असं पाटीवर आहे, बहिणीला विचारू नये असं नाही.