दोह्यात दिसली मुंबई

अल नस्र, दोहा
३ जून १९८३

ती. आईस,
नीताचा शि. सा. नमस्कार.

तुझं भजनी मंडळ मुंबई दूरदर्शनवर, तेही १ जुलैच्या शुक्रवारी! वाचून मी नाचायचीच बाकी राहिले. आता मी सांगते ते थापा समजू नकोस. इथे उन्हाळ्यात हवा दमट आणि वारा पडलेला असला की गच्चीवरच्या अँटेनाला कधीकधी चक्क मुंबई लागते. परवा मराठी बातम्या दिसल्या. मी हातात लाटणं घेऊन तशीच उभी. पोळी करपली.

पण बिल्डिंगमध्ये वाद पेटलाय. नसरुद्दीन खालच्या दुकानातून घरोघर व्हिडिओची वायर देतो, रोज एक हिंदी सिनेमा. त्याचा वर्षाचा करार जूनअखेर संपतो. नव्या करारासाठी त्याची अट अशी, की गच्चीवरचे सगळे अँटेना काढा, त्यांच्यामुळे चित्र हलतं. सगळ्यांना सिनेमा हवाच आहे. गिरीश म्हणतो, एकटीसाठी बिल्डिंग थोडीच थांबणार?

आई, दादा गेले तेव्हा मालूच्या वेळचा आठवा महिना होता, विमानात घेईनात. पुढची रजा पुढच्या वर्षी. अजून तू डोळ्यांपुढे येतेस ती कुंकू लावलेलीच. तुला एकदा पाहायचंय, आणि पाहायची भीतीही वाटते.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझी नीता

ठाणे
१४ जून १९८३

चि. सौ. नीतास अनेक आशीर्वाद.

अगं, इथे ठाण्यात आमच्या मंडळातल्या केसरबाईंच्या टीव्हीवर धड चित्र येत नाही, आणि तुला दोह्यात मुंबई दिसते! उन्हानं डोकं तापलं असेल, कांद्याचा रस चोळ. सोमवारी स्टुडिओत जायचंय. माझा आवाज बसलाय, ज्येष्ठमध चघळते आहे.

सिनेमावरून शेजाऱ्यांशी वाकडं घेऊ नकोस. परमुलखात अडीनडीला तेच धावतात. गिरीशरावांना आशीर्वाद, मालूला पापा.

प्रकृतीला जप, पत्र टाकत जा.
तुझी आई

दोहा
४ जुलै १९८३

ती. आईस,
नीताचा शि. सा. नमस्कार.

तुझं ऐकलं नाही. मीटिंगमध्ये उठून मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटलं, सिनेमे खुशाल बघा, पण शुक्रवारपर्यंत अँटेना राहू द्या, आई दिसणार आहे. काहीजण हसले. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले, असं प्रत्येकाच्या नातेवाइकांसाठी थांबलो तर झालंच. तेव्हा शेजारच्या रुकैयाभाभी कडाडल्या, की आईपुढे सिनेमा कसला? करार शुक्रवारनंतर करायचं ठरलं.

आणि वाळूचा वारा सुटला! शमाल म्हणतात त्याला. तो असला की हवा कोरडी आणि पडदा रिकामा. शुक्रवारी सकाळी तो पडला. दुपारी खिडकीच्या काचा बाहेरून ओल्या झाल्या. संध्याकाळी अख्खी बिल्डिंग आमच्या खोलीत, बँकवालेसुद्धा. आधी नुसत्या मुंग्या, मग आडव्या रेघा, आणि एकदम तू! टाळ घेऊन, पुढच्याच रांगेत. रुकैयाभाभींनी डोक्यावर ओढणी घेतली. आई, मधे एवढा थोरला समुद्र, आणि तू हाताच्या अंतरावर गात होतीस. देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं. तुझं मोकळं कपाळ पाहिलं. खूप रडले, पण मग भीती उरली नाही.

अभंग संपायच्या आत चित्र विरलं. नसरुद्दीन दारात चपला हातात घेऊन उभा होता. म्हणाला, अट खलास, माझं चित्र हललं तर हलू दे. करार झाला, अँटेनाही राहिले.

आशीर्वाद असू दे.
तुझी नीता

ठाणे
१६ जुलै १९८३

चि. सौ. नीतास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. हात जोडावेत असंच आहे हे. कुणाला जोडावेत ते मात्र कळत नाही.

एक सांगते. स्टुडिओत केसरबाईंनी टिकली पुढे केली, टीव्हीवर कपाळ ओकंबोकं दिसेल म्हणाल्या. मी नको म्हटलं. इतक्या लांब चित्र जातं यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी वाटलं, चुकूनमाकून पोरीनं पाहिलंच, तर जी आहे ती आई दिसावी. तुझे दादा गेल्यापासून मी आरशासमोर उभी राहिले नव्हते. त्या सकाळी राहिले, तू बघशील म्हणून.

सगळ्यांना आशीर्वाद, रुकैयाभाभींना माझा नमस्कार.
तुझी आई