चाळीस दुकानांना एकच पत्र

४ फेब्रु.
देऊळगाव राजाला आमच्या बचत गटाच्या शेवया घेणारे मालक लेकाकडे राहायला गेले, दुकान बंद. सुशीला म्हणाली, "होळीपर्यंत दुसरं गिऱ्हाईक नाही भेटलं तर मी जातो बियाण्याच्या प्लॉटवर मजुरीले." ती गेली की बाकीच्या चौघीही जातील. मग गट कसला. सूनबाईनं, वैशालीनं, मोठ्या शहरांतल्या दुकानांचे ईमेल शोधून दिले. गुणाची पोर.

६ फेब्रु.
पत्र मीच लिहिलं. लग्नपत्रिकेच्या चालीवर. वर श्रीगणेश, मग सहाही जणींची नावं, खाली 'अगत्य करावे'. चाळीसही पत्ते एकाच रांगेत घातले, कुणाचं राहिलं तर रुसवा नको. पाठवून मोकळी. वैशालीनं पाहिलं नि कपाळाला हात लावला. "आत्याबाई, आता हरेकाले दिसते ना बाकी कोणाकोणाले पाठवलं ते!"
"मग काय झालं? पंगतीत सगळे एकमेकाले दिसतातच की."
हसून हसून बसली खाली.

१० फेब्रु.
सामसूम. सुशीला म्हणे, "रोज धाडा. कटाळून तरी हो म्हनतीन." वैशालीनं हात जोडले.

११ फेब्रु.
उत्तर आलं! नाशिकच्या एक दुकानवाल्या बाई. "मावशी, पत्र गोड आहे. पण शेवया कशाच्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि मी नेमकं काय करायचं?"
आधी लाज वाटली. मग भरून आलं. ओळख ना पाळख, त्यांना काय पडलं होतं एवढं लिहायचं?

१४ फेब्रु.
त्यांचं दुकान फोनवर नीट पाहिलं. नाचणीच्या शेवया आहेत, हातच्या गव्हाच्या नाहीत. तेवढंच लिहिलं, पाच ओळी, एकट्या त्यांनाच. शेवटी 'नमुना पाठवू का?'
सुशीला फुगली. "माहं नाव काऊन काढलं?"
"अवं, शेवया तुह्याच हातच्या जातील ना."
गणपती मनातच म्हटला.

१५ फेब्रु.
"पाठवा." एकच शब्द. दहादा वाचला.

२० फेब्रु.
पुडा कालच पोचला म्हणे. बाई शिजवून बघून कळवणार. नाही म्हणाल्या तरी त्यांचे उपकारच, पत्र कसं लिहावं ते कळलं. आज प्लॉटवाला सुशीलाच्या दारात, उद्यापासून येतेस का म्हणून. मी ओट्यावरून ऐकत होते.
"परवा सांगतो," म्हणाली. आणि कणीक भिजवायला बसली.