खंडेनवमीचं पाणी

लासुर्णे,
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

चि. गोकुळभाऊजी यांस,
वहिनीचे आशीर्वाद. देवाच्या कृपेनं आमचं बरं चाललंय. तुमची आणि प्राचीची खुशाली कळवावी.

काल मामंजींची तिथ झाली. गवार, भोपळा परसातलाच निघाला, बाजार वाचला. तुमच्या दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आपल्या वर्कशॉपात वाकलेल्या लोखंडी प्लेटा सरळ करायला अजून येतात. तुमच्या जागी सोनबा असतो, पन्नाशीचा गडी.

काल पंगतीत तोच वाढत होता. शेजारच्या संभाजीरावांच्या गरम आमटीत त्याच्या तांब्यातलं पाणी सांडलं, तसे ते ओरडले, "आरं, आमटीत गोकुळपाणी मारतो व्हय!" सगळे हसले. तुमचे दादाही. मी विचारलं, हे काय? संभाजीराव म्हणाले, "वैनी, ठावं न्हाय? तापल्या प्लेटवर पाणी मारून वाट लावायची, त्याला समदा गाव गोकुळपाणी म्हणतो."

माझ्या हातातला वडा हातातच राहिला.

भाऊजी, दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला दादा बारामतीला गेले होते. एमआयडीसीतल्या गिऱ्हाइकाची ती कडक पोलादाची प्लेट तुम्ही सकाळीच गॅसनं ठिकठिकाणी तापवून सरळ केलीत आणि आपोआप निवायला ठेवून आंघोळीला गेलात. मी पूजेसाठी हत्यारं धूत होते. घण धुतला, सांडशी धुतली. दादा नेहमी सांगतात, लाली अंधारात ओळखावी, तापलेलं लोखंडही उन्हात गार दिसतं. मला ती प्लेट उन्हात नुसती काळी दिसली. हातातलं कामही पूजेत मांडायची आपली रीत, म्हणून तिच्यावरही बादली ओतली. चर्र झालं. वाफ तोंडावर आली. मी पदरानं तोंड पुसून तिला हळदकुंकू लावलं.

तिसऱ्या दिवशी भोकं पाडताना तिला तडा गेला. दादांनी बघूनच ओळखलं, तापल्यावर पाणी पडून पोलाद ठिसूळ झालंय. तुम्ही म्हणत होता, "दादा, मी पाणी न्हाय मारलं. वैनी, तुमी हितंच होता, सांगा की!"

मी म्हणाले, "मी पूजेत होते. मला काय ठाऊक?"

"चूक केलीस ती केलीस, वर खोटं बोलतोस?" असं म्हणून दादांनी तुम्हांला घालवलं. मला म्हणाले, कामाच्या वहीत लिही. मी माझ्या अक्षरात लिहिलं, गोकुळनं पाणी मारलं.

भ्याले होते, हे खरं. पूजेत विघ्न आलं हे कुणाला कळू नये वाटलं, तेही खरं. पण देवघरासमोर बसून लिहितेय, म्हणून उरलेलंही लिहिते. तुम्ही दोघं गेलात आणि घर आमचं दोघांचंच झालं, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

चैत्रात प्राची बाजारात भेटली. म्हणाली, "त्यांनी परत गॅसला हात लावला न्हाय. गोदामात पोती मोजतात. म्हणतात, माझ्याच हातून झालं असंल, मलाच आठवत न्हाय." हे ऐकूनही मी तिच्या पिशवीत एक दुधी घातला आणि एसटी धरली.

काल पंगत उठल्यावर दादांना सगळं सांगितलं. "दोन वर्षं?" एवढंच म्हणाले. रात्री जेवले नाहीत. आज सकाळी म्हणाले, "त्याला तू लिही. मी संभाजीरावाकडनं सुरुवात करतो, घरोघर सांगतो." आणि गेले.

तुम्ही परत या, असं म्हणायला मला तोंड नाही. पण स्वतःवर संशय घेऊ नका. तुम्ही प्लेट नीट केली होतीत. निवायलाही नीट ठेवली होतीत.

नात्यानं मोठी असून तुमच्या पायावर डोकं ठेवते,
द्वारका