चार वाटा आणि एक बंद लिफ्ट

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (खरोखरच आडवा पडून लिहितोय, बसायचं त्राण नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टर अजून तुला रागावतात, की आता तू त्यांना? मी सुखरूप आहे आणि नोकरीही शाबूत आहे. आज सकाळी या दोन्हींची खात्री नव्हती.

झालं असं. आमच्या रुग्णवाहिका केंद्रात येणारा प्रत्येक फोन राउटर नावाच्या पेटीतून जातो. (तुझ्या घरी कपाटावर लुकलुकतो ना डबा, त्याची ही थोरली बहीण.) तिच्या पोटात पुढे जायला चार वाटा आहेत. पण फोन कुठून आला एवढंच बघून ती वाट ठरवायची, आणि आमचे सगळे फोन येतात एकाच टेलिफोन केंद्रातून. त्यामुळे सगळी झुंबड एका वाटेवर आणि बाकीच्या तिघी डाराडूर! आवाज तुटायचे, लोक ओरडायचे. मी म्हटलं, त्यात काय, पत्ते वाटतात तसं वाटू. आवाजाचा एक तुकडा या वाटेला, पुढचा त्या वाटेला. साहेबांनी पाठ थोपटली. मी ऐटीत चहा मागवला.

चहा यायच्या आत बोंब उठली. चारही वाटांचा वेग काही सारखा नसतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मागचा तुकडा पुढे, पुढचा गायब. एक गृहस्थ जीव तोडून सांगत होते (हे सगळं नंतर कळलं), की लिफ्ट मध्येच बंद पडलीय, आत बायको आहे आणि तिला कळा सुरू झाल्यात. आमच्या फोनवरच्या बाईंना ऐकू आलं ते "लिफ्ट... बंद... आत..." आणि फोन कटला. त्यांनी बिचाऱ्यांनी नंबरावरून पत्ता शोधून लिफ्टचा मेकॅनिक पाठवला आणि वळून मला म्हणाल्या, "वाटा कसल्या वाटताय? तुम्हीच आता वाटेला लागा!" (सगळ्यांसमोर, आत्या.)

मी खरंच वाटेला लागणार होतो. पण तेवढ्यात डोक्यात आलं, अरे, तुकडे नाही वाटायचे, फोन वाटायचे! एक फोन एका वाटेनं निघाला की शेवटपर्यंत त्याच वाटेनं. दुसरा आला तर दुसरीनं. प्रत्येक संभाषणाला आपापला क्रमांक असतोच. पेटीला बजावलं, फोन कुठून आला एवढंच बघू नकोस, तो क्रमांकही बघ. बदल करतोय तोच त्या गृहस्थांचा पुन्हा फोन. आवाज इतका स्वच्छ, की त्यांनी घातलेल्या शिव्या अगदी अनुस्वारासकट ऐकू आल्या. इतक्या आनंदानं मी शिव्या कधी खाल्ल्या नव्हत्या.

रुग्णवाहिका पोचली तेव्हा मेकॅनिक लिफ्टचं दार उघडून घाम पुसत उभा होता. तो आधी गेला नसता तर आमची माणसं बाहेरून दार ठोठावत बसली असती! तिथेच, लिफ्टच्या दारात, मुलगी झाली. फोन चालूच होता. तिचं रडणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं, कुठेही न तुटता. बाई खुर्चीत मटकन बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. मी नुसताच चष्मा पुसत होतो. साहेबांनी विचारलं, "मेकॅनिक पाठवायचं कुणाला सुचलं? शाबास!" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

बाबांना यातलं काही कळवू नकोस, उगाच काळजी करत बसतील.

तुझा,
एकुलता एक भाचा

ता. क. बाबांना एक गोष्ट मात्र कळव. त्या फोनवरच्या बाई मला पसंत आहेत. बाबा जगात फक्त तुझंच ऐकतात, तेव्हा इथे येऊन तूच विषय काढ.

आणखी ता. क. येण्याची घाई नाही. तिला अजून विचारलेलं नाही. विचारणार कसं, ती माझ्याशी बोलतच नाही. आभार मानायला म्हणून त्या मेकॅनिकला तिनं फोन केला होता, त्याच्याशी मात्र बराच वेळ हसत होती.

आत्या, लवकर ये.